दोनदा पाहिलेला ‘गॉडझिला’

बालपणी पाहिलेला अद्भुत बोलपट मोठेपणी पुन्हा पाहावा, तर तो बहुधा लहान झालेला आढळतो. ज्या राक्षसाने रात्रीची झोप उडविली, त्याच्या अंगावरील रबराच्या सुरकुत्याच तेवढ्या नजरेत भरतात. परंतु १९५६ साली अमेरिकेत ‘गॉडझिला’ पाहून भ्यालेल्या मुलांच्या वाट्याला याच्या उलट अनुभव आला. त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर, २००४ साली, मूळ जपानी बोलपटाची अखंड प्रत तेथील चित्रगृहांत लागली. आणि आपण पाहिला होता तो बोलपट हा नव्हेच, असे त्यांना दिसून आले.

याचे मूळ १९५४ सालात आहे. त्या वर्षी १ मार्च रोजी अमेरिकेने बिकिनी या कंकणद्वीपावर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. सहा मेगाटनांची अपेक्षा होती; स्फोट झाला पंधरांचा. निषिद्ध क्षेत्राबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी नौकेवर पांढरी राख बरसली. तेवीस खलाशी आजारी पडले आणि सप्टेंबरात नौकेवरील बिनतारी यंत्रचालक मृत्यू पावला. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ३ नोव्हेंबरला, टोहो कंपनीचा ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. त्याच्या आरंभीच समुद्रातून लखलखाट उठतो आणि एक जहाज पेट घेते. जपानी प्रेक्षकाला याहून अधिक सांगण्याची गरजच नव्हती. दिग्दर्शक इशिरो होंडा हा चीनमधील युद्धकैदेतून १९४६ साली मायदेशी परतताना उद्ध्वस्त हिरोशिमातून गेला होता.

मूळ बोलपट ९६ मिनिटांचा. अमेरिकी आवृत्ती ८० मिनिटांची, आणि तीतही रेमंड बर या नटाची, वार्ताहराच्या भूमिकेतील, नवी दृश्ये घुसविलेली. जागा कोठून काढली? आगगाडीतील एक तरुणी, नागासाकीतून आपण कशा वाचलो ते सहज बोलून जाते; ते गेले. राक्षसाची वार्ता दडपू नका, असे संसदेत ठणकावणाऱ्या स्त्रिया गेल्या. हायड्रोजन बाँबचा उल्लेख मुळीच उरला नाही असे नव्हे. पण तो ओझरता झाला. यामागे कपटच होते असे म्हणता येणार नाही. परभाषेतील बोलपट चालावा, ही धंद्याची निकड होती.

शेवटाचे मात्र तसे म्हणवत नाही. अमेरिकी मुलांनी ऐकले ते असे की, संकट टळले, जग पुन्हा निर्धास्त झाले. मूळ बोलपटात वृद्ध शास्त्रज्ञ यामाने हा समुद्राकडे पाहत म्हणतो की, अशा चाचण्या चालूच राहिल्या, तर आणखी एखादा गोजिरा कोठेतरी वर येईल.

रबराच्या सुरकुत्या दोन्ही प्रतींत सारख्याच आहेत. त्या अवजड पोशाखाच्या आत हारुओ नाकाजिमा हा नट घामाने निथळत होता. यामानेचे ते उद्गार अमेरिकेतील त्या मुलांच्या कानी पडले, तेव्हा होंडाला जाऊन अकरा वर्षे झाली होती.