न्हावा शेवा : बंदराच्या सावलीतील गोडे पाणी आणि मासेमारीच्या वाटा

न्हावा शेवा म्हटले की डोळ्यांसमोर उभ्या राहतात त्या उंच क्रेन, कंटेनरच्या रांगा आणि अजस्र जहाजे. २६ मे १९८९ रोजी येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि उरण तालुक्याच्या या किनाऱ्याचे रूप पालटले. मात्र खाऱ्या पाण्याने वेढलेल्या याच भूभागात गावतळी, डोंगरातील धरणे आणि खारबंदिस्तीआड साठणारे पावसाचे पाणी असा गोड्या पाण्याचा लहानसा पण जुना संसार आहे. आगरी, कोळी आणि आदिवासी कुटुंबांच्या पावसाळ्यातील ताटात येणारा मासा बराचसा याच पाण्यातला. हे पाणी कोठे आहे, तेथे कसे जाता येते आणि कोठे जाऊ नये, याचा हा आढावा.

खारबंदिस्तीची किमया

खाडीच्या भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून गावकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या मातीचे बांध घातले. या बांधांना ठिकठिकाणी उघाड्या असतात. ओहोटीला आतले पाणी बाहेर पडते आणि भरतीला झडप मिटते. जून-जुलैच्या मुसळधार पावसात जमिनीतील क्षार धुऊन खाली जातात आणि उन्हाळ्यात पांढरी पडलेली खाजण जमीन चार महिने गोड्या पाण्याची होते. भातखाचरे, त्यांना जोडणारे नाले आणि बांधालगतचे खोलगट भाग हेच मग माशांचे घर बनते.

पहिल्या जोरदार सरींबरोबर अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. हीच वलगण. मळे, शिवडा, खवली, शिंगी असे मासे या काळात पाग टाकून किंवा बांबूचे सापळे लावून पकडले जातात. चवीला हा मासा श्रेष्ठ मानला जातो. परंतु पकडलेली प्रत्येक गाभोळीची मादी म्हणजे हजारो पिलांची हानी असते. त्यामुळे पहिल्या चढणीचे काही मासे तरी वर जाऊ द्यावेत, हाच शहाणपणा.

जिताडा : दोन्ही पाण्यांचा पाहुणा

रायगडच्या पाहुणचारात जिताड्याचा मान मोठा. हा मासा खाडीत जन्मतो, पण वाढतो गोड्या पाण्यातही. पावसाळ्यात खाडीतून मिळणारी पिले तळ्यात सोडून ती वाढविण्याची पद्धत पेण, अलिबाग आणि उरण भागात रुजलेली आहे. तळ्यात तो कितीही पोसला तरी तेथे त्याची वीण होत नाही, त्यासाठी खारे पाणी लागते. म्हणजेच खाडीचे मुख बुजले, की तळ्यातल्या जिताड्याचीही आशा संपते.

गावतळी

गावतळ्यांत कटला, रोहू, मृगळ हे मासे प्रामुख्याने असतात. साठलेल्या पाण्यात या जातींची वीण सहसा होत नाही, त्यामुळे दरवर्षी बीज विकत आणून सोडावे लागते. अनेक ग्रामपंचायती यासाठी तळ्याचा लिलाव करतात. साहजिकच तळ्यातील मासा हा कोणाच्या तरी पैशाने सोडलेला असतो आणि विचारल्यावाचून गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरण्यासारखेच होय. जाण्यापूर्वी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. उरण शहरातील विमला तलाव हे नागरिकांचे फिरण्याचे ठिकाण आहे. तेथे नगरपरिषदेचे नियम लागू होतात.

१९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापियाने अनेक तळी व्यापली आहेत. मरळ मात्र स्थानिक असून चिवट आहे. हवेतील प्राणवायू घेता येत असल्याने तो चिखलातही तग धरतो. नर-मादी दोघेही पिलांची राखण करतात. पृष्ठभागावर तांबूस पिलांचा थवा दिसला, तर तेथे गळ टाकू नये. आफ्रिकन मांगूर पाळण्यास २००० पासून बंदी आहे. तो कोणत्याही तळ्यात सोडू नये.

धरणे

तालुक्याच्या पूर्वेकडे, कर्नाळ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत औद्योगिक विकास महामंडळाचे रानसई धरण आहे. उरण शहर, परिसरातील गावे आणि कारखाने यांना येथूनच पाणी मिळते. पूर्व भागातील काही गावांची तहान पुनाडे धरण भागविते. दोन्ही ठिकाणचे पाणी पिण्याचे आहे, म्हणून परवानगीवाचून होडी घालणे वा जाळे लावणे टाळावे. धरणाखालच्या ओढ्यांत मात्र आदिवासी वाड्यांतील कुटुंबे पूर्वापार मासे आणि खेकडे धरत आली आहेत. हा त्यांच्यासाठी छंद नसून रोजचे कालवण आहे, याचे भान बाहेरून येणाऱ्या हौशी मंडळींनी ठेवावे.

कसे जाल?

१२ जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत धावू लागली. तेव्हा या मार्गावर न्हावा शेवा आणि द्रोणागिरी या नावांची स्थानके होती. त्याच दिवशी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले. जलमार्गाने भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदरात लाँचने उतरता येते, मात्र मोठ्या ओहोटीला गाळामुळे लाँच खोळंबते. धरणांकडे जाण्यासाठी दिघोडे-चिरनेर रस्ता सोयीचा. बंदराचे आवार, करंजा येथील नौदलाचा शस्त्रागार परिसर आणि तेल-वायू प्रकल्पांची हद्द येथे पासशिवाय प्रवेश नाही. तेथील जलाशय कितीही मोहक दिसले, तरी तिकडे फिरकू नये.

मिटत चाललेल्या वाटा

बंदरासाठी जुना शेवा कोळीवाडा उठला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून त्याचे पुनर्वसन झाले. पुढे बंदराच्या विस्ताराने खाडीकडे जाणाऱ्या वाटा आणखी आक्रसल्या. त्याविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांनी दाद मागितली. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. किनाऱ्यावर पायी जाऊन मासेमारी करणाऱ्याचाही पाण्यावर हक्क असतो, हे या निमित्ताने अधोरेखित झाले.

गोड्या पाण्याची कहाणी वेगळी नाही. गोदामे आणि कंटेनर यार्डांसाठी शेतात मातीचा भराव पडला, की खाचर जाते, नाला बुजतो आणि उघाडी निकामी होते. मासा वर चढणार तरी कोठून? तेच पाणी मग गावात शिरते. म्हणूनच येथील नाले आणि उघाड्या राखणे हा जितका मासेमारीचा, तितकाच घरादाराच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

हे लक्षात ठेवा

- पाण्यात विष कालवून किंवा स्फोटके वापरून मासे मारणे हा गुन्हा आहे.
- बारीक आसाचे जाळे टाळावे. लहान मासा पाण्यात परत सोडावा.
- बांधावर किंवा उघाडीजवळ जाण्यापूर्वी भरतीची वेळ पाहावी. पावसाळ्यात तेथील ओढ फसवी असते.
- तुटलेली तंगूस आणि गळ काठावर टाकू नयेत. त्यात पाणपक्षी अडकतात.
- उभ्या भातातून वाट काढू नये, बांधावरूनच जावे.