जाळीमुद्रणातील अभिकल्प

चौकटीवर ताणून बसविलेल्या बारीक जाळीतून रबरी पट्टीने शाई दाबून कागद, कापड, काच, पत्रा इ. पृष्ठांवर छपाई करण्याची पद्धती म्हणजे जाळीमुद्रण. व्यवहारात ती स्क्रीन प्रिंटिंग या नावाने ओळखली जाते. जाळीचा नको असलेला भाग बुजविलेला असतो आणि उघड्या भागातूनच शाई खाली उतरते. रंग, अक्षर व मोकळी जागा यांची योजना या साध्या तत्त्वाने नियंत्रित होते.

या पद्धतीचे मूळ कापीव साच्यात म्हणजे स्टेन्सिलमध्ये आहे. कापलेल्या पत्र्यातून पेट्यांवर व पोत्यांवर नावे उमटविण्याची रीत कोकणातील आंब्याच्या व्यापारात परिचित आहे. मात्र अशा साच्यात ‘व’, ‘ब’, ‘प’ या अक्षरांतील बंदिस्त पोकळ्यांचे तुकडे गळून पडतात. ते टिकविण्यासाठी मध्ये जोडपट्ट्या सोडाव्या लागतात आणि अक्षर तुटक दिसते. जपानी कारागिरांनी कापडछपाईच्या कागदी साच्यांतील सुटे भाग बारीक रेशमी धाग्यांनी धरून ठेवले. सलग ताणलेल्या जाळीने ही अडचण पूर्णपणे दूर झाली. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी 1907 मध्ये अशा पद्धतीचे एकस्व घेतले. अमेरिकेत 1930 नंतरच्या दशकात चित्रकारांनी ती भित्तिपत्रकांसाठी व कलामुद्रांसाठी वापरली. 1962 पासून अँडी वॉरहॉल यांच्या चित्रांमुळे तिला मोठी प्रसिद्धी लाभली.

देवनागरीच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व विशेष आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत विकसित झालेल्या खिळ्यांच्या जुळणीत काना, मात्रा, वेलांट्या यांचे वेगळे तुकडे अक्षराभोवती बसवावे लागत. अक्षरांचे आकार व आकारमान जवळच्या टंकसंचापुरते मर्यादित राहत. जाळीमुद्रणात पारदर्शक पटलावर काळ्या शाईने रेखाटलेले कोणतेही अक्षर प्रकाशसंवेदी लेपाच्या साहाय्याने जाळीवर उतरते. प्रकाश लागलेला लेप कठीण होतो व झाकलेला भाग पाण्याने धुऊन निघतो. त्यामुळे हाताने काढलेल्या अक्षराला छापखान्यात थेट प्रवेश मिळाला. बापूराव नाईक, ल. श्री. वाकणकर व र. कृ. जोशी (1936–2008) यांनी देवनागरीच्या घडणीचा जो विचार केला, त्याचे मोल अशा कामातही जाणवते. कारण हे स्वातंत्र्य अमर्याद नाही. जाळीच्या छिद्रांहून बारीक रेषा तुटते, तर जाड शाईने लहान पोकळ्या भरून जातात. अनुस्वार, रफार व उकार यांना पुरेसा ठसठशीतपणा आणि अक्षरांच्या पोटात मोकळीक ठेवावी लागते.

प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र चौकट लागते; एक रंग वाळल्यावर दुसरा छापतात. म्हणून रंगसंख्या वाढली की श्रम व खर्च वाढतो. शाईचा थर जाड व अपारदर्शक ठेवता येत असल्याने गडद कागदावरही फिका रंग उठून दिसतो. मुळात कागदाचा रंग हाच पहिला रंग होय. लग्नपत्रिकेत पिवळ्या कागदावर कुंकवाच्या रंगाची एकच छपाई केली, तरी हळदी-कुंकवाची जोडी साधते.

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या रायगडच्या किनारपट्टीसारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यातील हवेचाही विचार करावा लागतो. लेप नीट वाळला नसताना त्यावर प्रकाश दिल्यास तो धुताना सुटतो. दोन छपायांच्या दरम्यान कागद ओलाव्याने किंचित ताणला जातो व रंग एकमेकांशी जुळत नाहीत. एकमेकांना अगदी खेटून असलेल्या रंगांमध्ये हा दोष लगेच उघडा पडतो. रंगांमध्ये कोरी जागा सोडली, तर तो झाकला जातो. अशा ठिकाणी रिकामी जागा ही केवळ शोभेची बाब राहत नाही, ती छपाईची गरज ठरते. तीच जागा मजकुराला उठाव देते : वधूवरांची नावे भोवतालच्या कोऱ्या कागदामुळे ठळक होतात, त्यासाठी महिरपी व वेलबुट्टी लागत नाहीत.

ऑफसेट व त्यानंतर संगणकीय छपाईच्या प्रसाराने जाळीमुद्रणाचे क्षेत्र आकुंचित झाले. तथापि कापड, काच, पिशव्या आणि थोड्या प्रतींच्या कामात ते टिकून आहे. संगणकावर हवे तेवढे रंग विनासायास मिळतात, त्यामुळे निवडीची सक्ती उरत नाही. मोजके रंग, वाचनीय अक्षर आणि विचारपूर्वक राखलेली कोरी जागा ही शिस्त जाळीच्या मर्यादांतून घडली. ती अन्य मुद्रणपद्धतींनाही तितकीच उपकारक आहे.