हाताच्या इजा, अवजड मालाच्या चढ-उतारीतील (डहाणू व तलासरी)

अवजड माल उचलताना, सरकवताना, रचताना किंवा उतरवताना बोटे, तळहात वा मनगटाला होणारी इजा. यात चेंगरणे, चिरणे, हाड मोडणे, कातडी सोलवटून निघणे आणि बोट तुटणे हे प्रकार येतात.

केंद्र सरकारने 20 जून 1991 रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला आणि मोठ्या कारखान्यांना आळा बसला. ओझ्याचे काम काही थांबले नाही. तलासरीचे आदिवासी मजूर सीमेपलीकडे गुजरातमधल्या उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत जातात. कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर. बुलेट ट्रेनचा मार्ग याच दोन तालुक्यांतून जातो. तिचा 40 मीटर लांबीचा एक गर्डर सुमारे 970 टनांचा. तो यंत्रेच उचलतात, पण सळयांचे भारे, पाइप आणि फळ्या माणसांच्याच हाती असतात. 30 ऑगस्ट 2024 रोजी भूमिपूजन झालेल्या डहाणूजवळच्या वाढवण बंदरामुळे अशा कामात भरच पडेल.

उचलताना सगळे सावध असतात. बोट सापडते ते अनेकदा ठेवताना. दोघांनी धरलेला पाइप एकाने आधी सोडला की दुसऱ्याची बोटे पाइप आणि जमीन यांच्यात जातात. खाली लाकडी ठोकळा टाकला तर बोटे काढून घ्यायला फट राहते. ठोकळ्याला खर्च जवळजवळ नाही, तरी घाईत तोच आधी विसरला जातो. साध्या हातमोज्याने चिरण्या-खरचटण्यापासून बचाव होतो, चेंगरण्यापासून नाही. फिरत्या यंत्राजवळ तर मोजाच आत ओढला जातो. बोटातली अंगठी ट्रकच्या फाळक्याला अडकली तर बोटाची कातडी मोज्यासारखी निघून येते.

तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी मरतात. नुसत्या चेंगरलेल्या हाताकडेही दुर्लक्ष नको: सूज वाढत गेली, बोटे बधिर झाली आणि सरळ करताना असह्य कळ आली, तर आतला दाब वाढलेला असू शकतो आणि तातडीने शस्त्रक्रिया लागते. डहाणू व कासा येथे उपजिल्हा रुग्णालये, तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. बारीक रक्तवाहिन्या जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र मोठे शहर गाठावे लागते, आणि मुंबई डहाणूहून सव्वाशे किलोमीटरवर आहे.

बोट गमावल्यास मिळणाऱ्या भरपाईचे कोष्टक 1923 च्या कामगार भरपाई कायद्यातले. तो कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. कोष्टकानुसार कमाईच्या क्षमतेतली घट अंगठ्यासाठी 30 टक्के, पूर्ण तर्जनीसाठी 14, मधल्या बोटासाठी 12, अनामिका किंवा करंगळीसाठी फक्त 7. महिना 15,000 रुपये वेतनाच्या तीस वर्षांच्या मजुराची तर्जनी गेली तर वेतनाचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणक 207.98 आणि त्याचे 14 टक्के, म्हणजे सुमारे 2 लाख 62 हजार रुपये. यात एक विसंगती आहे. ओझे घट्ट धरण्याच्या ताकदीचा मोठा वाटा अनामिका-करंगळीच्या बाजूने येतो, आणि कोष्टकात सर्वांत स्वस्त तीच बोटे. कोष्टक बोटे मोजते, हमाली मोजत नाही.

कारखान्याला कर्मचारी राज्य विमा योजना (ई.एस.आय.) लागू असेल तर भरपाई तिथूनच मिळते आणि उपचाराच्या काळात वेतनाच्या सुमारे 90 टक्के भत्ताही. ती लागू नसेल आणि मजूर ठेकेदारामार्फत लागलेला असेल, तर जबाबदारी मूळ मालकावरही येते; ठेकेदाराकडून वसुली तो नंतर करतो. 1923 च्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती, आणि 1995 च्या दुरुस्तीनंतर मजूर राहतो त्या भागातल्या आयुक्तांकडेही दावा दाखल करता येऊ लागला. वापीत बोट गमावलेल्या तलासरीच्या मजुराला त्यासाठी गुजरातमध्ये खेटे घालण्याची गरज उरली नाही.