विषाच्या कायद्यापासून गोळीच्या कायद्यापर्यंत

मंडळी, बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट रोग आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेच. दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठ धरते. ती खाण्यात आली तर बाधते. म्हणून पेरणीआधी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे दाणे काढून टाकावेत, असा सल्ला दिला जातो. याच बुरशीचे एक भावंड राय नावाच्या धान्यावर पडते. युरोपातल्या सुइणी अडलेल्या बाईला ते देत, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावते. १८०८ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॉन स्टर्न्स यांनी त्याविषयी लिहिले, आणि ते तिथल्या डॉक्टरांच्या पेटीत जाऊन बसले. पण जे औषध बाळंतीण सोडवते, तेच गर्भही पाडते; आणि प्रमाण चुकले तर बाईचा जीवही घेते.

अशा औषधांवर अमेरिकेत राज्याचा पहिला कायदा झाला तो १८२१ साली, कनेटिकट राज्यात. त्याआधी इंग्लंडमध्ये १८०३ साली तसा कायदा झाला होता. कनेटिकटचा कायदा मुळात विषप्रयोगाचा. गर्भाची हालचाल जाणवू लागल्यावर गर्भ पाडण्याच्या हेतूने कोणी स्त्रीला विषारी पदार्थ दिला, तर त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. तीही कुठे? तांब्याच्या जुन्या खाणीवर उभारलेल्या न्यूगेटच्या तुरुंगात!

आता यात काय नव्हते तेही पाहा. हत्यारांचा उल्लेख नव्हता. हालचाल जाणवण्यापूर्वीच्या दिवसांना हा कायदा लागू नव्हता. आणि त्या स्त्रीला शिक्षा नव्हती. आदल्याच वर्षी, १८२० मध्ये, ॲमी रॉजर्स नावाच्या धर्मोपदेशकाला त्याच राज्यात दोन वर्षांची कैद झाली होती. एका तरुणीला नादी लावून तिचा गर्भ पाडल्याचा आरोप त्याच्यावर होता. त्या प्रकरणाने लोक खवळले आणि त्यातून कायदा आला, असे काही अभ्यासक मानतात.

पुढे मात्र कायद्याचा रोख बदलत गेला. १८३० मध्ये कनेटिकटने हत्यारांचाही समावेश केला. १८५७ पासून डॉ. होरेशियो स्टोरर यांनी डॉक्टरांच्या संघटनेला हाताशी धरून गर्भपाताविरुद्ध मोहीम उघडली. १८६० मध्ये कनेटिकटने हालचालीची अट काढून टाकली आणि स्वतः स्त्रीलाही गुन्हेगार ठरवले. म्हणजे चाळीस वर्षांत, जिला विषापासून वाचवायचे तीच आरोपीच्या पिंजऱ्यात आली! १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने अशी औषधे टपालाने पाठवणेही बंद झाले.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७३ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला. २००० मध्ये मिफेप्रिस्टोन या गोळीला तिथे परवानगी मिळाली. ही आणि तिच्याबरोबर घ्यायची मिसोप्रोस्टॉल या दोन्ही गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. २०२२ मध्ये न्यायालयाने आपला जुना निर्णय फिरवला, आणि प्रश्न पुन्हा राज्यांकडे गेला.

२०२४ मध्ये लुइझियाना राज्याने या दोन गोळ्या नशेच्या, सवय लावणाऱ्या औषधांच्या पंक्तीला नेऊन बसवल्या. असे करणारे ते पहिलेच राज्य. चिठ्ठीवाचून गोळ्या बाळगणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद; स्वतःसाठी बाळगणाऱ्या गर्भवतीला मात्र सूट. हे विधेयक मांडणाऱ्या सिनेटरच्या बहिणीला तिच्या नवऱ्याने पेयातून चोरून ही गोळी दिली होती. त्या बाईवरचा अन्याय खराच. पण मिसोप्रोस्टॉल बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही लागते, आणि तिथे एकेक मिनिट मोलाचे असते. औषध कुलपात गेले तर ते हाताशी येणार कसे, असे तिथल्या डॉक्टरांनी विचारले.

आपल्याकडची गोष्टही जोडून पाहू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत गर्भपात गुन्हा ठरला, तोही स्त्रीसह; आणि हालचाल जाणवल्यानंतर शिक्षा जास्त. तीन वर्षांनी, १८६३ मध्ये, महात्मा फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेला तिथे गुपचूप बाळंत होता येई. धाकाने जे सुटत नव्हते, त्याला त्यांनी दार उघडून उत्तर दिले. १९७१ च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी, नोंदणीकृत डॉक्टरकडून गर्भपात कायदेशीर झाला. आज या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या असतात. दुकानातून परस्पर आणून घेणे जिवावर बेतू शकते, बरं का.

तेव्हा गुरुजनहो, वर्गात असा कायदा शिकवताना मुलांना तीन प्रश्न जरूर विचारा. हा कायदा कोणाला वाचवायला आला? शिक्षा कोणाला करतो? आणि अडल्या वेळी औषध कोणाच्या हाती पोचू देत नाही? कलमे पाठ करण्याआधी मुलांनी याची उत्तरे शोधली, तर इतिहास त्यांना खरा कळेल.