न्यूटनचा पोपट आणि मॉरिशस पोपट

न्यूटनचा पोपट (शास्त्रीय नाव: सिटाक्युला एक्सुल) आणि मॉरिशस पोपट (सिटाक्युला इक्वेस) या हिंदी महासागरातील मास्करीन द्वीपसमूहावरील पोपटांच्या दोन निकटच्या जाती आहेत. पहिली जाती रॉड्रिग्ज बेटावर आढळत असे व ती नामशेष झाली आहे. दुसरी मॉरिशसमध्ये आजही टिकून आहे. भारतातील राघू (सिटाक्युला क्रामेरी) हा या दोन्ही जातींचा जवळचा नातेवाईक आहे.

वर्णन

दोन्ही पक्ष्यांची लांबी सुमारे ४० सेंटिमीटर व शेपूट लांब. मॉरिशस पोपट हिरवा असून नराची वरची चोच लाल व मादीची काळी असते. नराच्या गळ्याभोवती काळ्या व गुलाबी रंगाचा पट्टा असतो. न्यूटनच्या पोपटाचे उपलब्ध नमुने निळसर राखाडी आहेत. त्याच्या नराच्या गळ्यावर काळा पट्टा होता; मात्र त्याला गुलाबी कडा नव्हती.

न्यूटनच्या पोपटाचा इतिहास

फ्रेंच प्रवासी फ्रांस्वा लेगा १६९१ ते १६९३ या काळात रॉड्रिग्जवर राहिला. त्याने तेथे हिरवे व निळे पोपट विपुल असल्याचे नोंदवले. त्याच्या सोबत्यांनी मॉरिशसला नेलेला एक पोपट फ्रेंच व फ्लेमिश शब्द बोलत असे. पुढे जंगलतोड व शिकार यांमुळे पक्ष्यांची संख्या घटत गेली. आल्फ्रेड न्यूटन यांनी १८७२ मध्ये एका मादीच्या नमुन्यावरून या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. 'एक्सुल' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'निर्वासित' असा आहे. १४ ऑगस्ट १८७५ रोजी एक नर मारण्यात आला. ही या जातीची अखेरची खात्रीशीर नोंद होय. हे दोनच नमुने शिल्लक असून ते केंब्रिज विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात आहेत.

मॉरिशस पोपटाचे संवर्धन

हा पोपट मूळ जंगलातील फळे, फुले व पाने खातो आणि जुन्या वृक्षांच्या ढोलीत घरटे करतो. शेती व वस्तीलगत सहज राहणाऱ्या राघूप्रमाणे त्याला बदललेल्या परिसराशी जुळवून घेता आले नाही. जंगलतोड, चक्रीवादळे, अंडी व पिल्ले खाणारे उंदीर व माकडे, तसेच ढोलींसाठी बाहेरून आलेल्या राघूंशी स्पर्धा यांमुळे १९८० च्या दशकात जेमतेम दहा-बारा पक्षी उरले. त्यांत माद्या फारच थोड्या होत्या.

त्यानंतर मॉरिशस सरकार, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन व ड्युरेल वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट यांनी बंदिस्त प्रजनन, कृत्रिम घरटी, पूरक आहार व घरट्यांची राखण हे उपाय योजले. २००५ मध्ये चोच व पिसांच्या विषाणूजन्य रोगाची साथ आली, तरीही संख्या वाढत राहिली. २०१९ पर्यंत ती सुमारे ७५० झाली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही जाती 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून २००७ मध्ये 'संकटग्रस्त' व २०१९ मध्ये 'असुरक्षित' वर्गात आली.

तुलना

दोन्ही जाती लहान बेटांपुरत्या मर्यादित होत्या आणि अधिवासाचा नाश हे दोघींच्या ऱ्हासाचे समान कारण होते. न्यूटनच्या पोपटाचे शास्त्रीय वर्णन झाले तेव्हा तो आधीच दुर्मीळ होता आणि त्याच्या संवर्धनाचा कोणताही प्रयत्न झाला नाही. मॉरिशस पोपटाच्या बाबतीत शेवटचे काही पक्षी जिवंत असतानाच हस्तक्षेप झाला. तथापि त्याचे अस्तित्व अद्याप मूळ जंगलाच्या संरक्षणावर व सातत्यपूर्ण देखरेखीवर अवलंबून आहे.