भरतीची फीत आणि तालमीची माती

वडोद्यात व्यायामाचा विषय निघाला की प्रा. माणिकरावांचे नाव येतेच. जुम्मादादांच्या आखाड्याला त्यांनी व्यायाम मंदिराचे रूप दिले आणि कवायतीत इंग्रजीऐवजी देशी भाषेतले हुकूम आणले. दत्तात्रेय चिंतामण मजुमदारांनी १९३६ पासून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले तेही याच शहरातून. अशा गावच्या आम्हा मंडळींनी पोलीस भरतीचे नियम चाळले, तेव्हा एक गंमत दिसली.

महाराष्ट्रात शिपाई व्हायला पुरुषाची उंची १६५ सेंटिमीटर हवी. छाती न फुगवता ७९ आणि फुगवल्यावर निदान ५ने जास्त. हे ७९ कुठले? इंचांत मोजा म्हणजे कळते: ३१ इंच. वाढ दोन इंचांची, उंची पाच फूट पाच इंच. फेकायचा गोळा ७.२६ किलोचा, म्हणजे बरोबर १६ पौंड! इंच-पौंड जाऊन इतकी वर्षे झाली, पण आकड्यांतून जुने माप अजून डोकावते.

छाती फुगवून पाहणे तसे शहाणपणाचेच. जोर-बैठका काढणाऱ्याचा श्वास त्यात कळतो. पण फीत एका श्वासाचे सांगते, दमसासाचे नाही. तो धावण्यातच कळतो, आणि गोष्ट तिथेच अवघड होते. जून २०१४मध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना कोसळून काही तरुण दगावले. मग अंतर तीन किलोमीटरवर आले, पुढे १६०० मीटरवर.

अंतर कमी केले ते बरेच झाले. तरी आमच्या मते तो निम्माच उपाय. तालमीत वस्ताद पोराचे जोर एकदम वाढवीत नसे. आज पंचवीस, महिन्याने चाळीस, अंग धरले की पुढे. खुराकावरही त्याची नजर असे. भरतीला येणारा पोरगा गावाकडच्या डांबरी सडकेवर एकटाच पळतो, रात्रभर गाडीत अवघडून येतो आणि उपाशीपोटी रांगेत उभा राहतो. त्याला थांब म्हणणारे कोणी नसते.

गुजरातेत पुरुषांना पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत धावावे लागले आहे. आपल्या घरांतली मुले दोन्ही राज्यांचे अर्ज भरतात. त्यांनी आधी त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी, आणि निदान सहा महिने आधी कोणा जाणत्याच्या हाताखाली मैदान धरावे.