पुण्यातील शाळांमधील जातिनिहाय विभागणी

पुण्यातील शाळांमधील जातिनिहाय विभागणी म्हणजे जातीच्या आधारे विद्यार्थ्यांना शाळेत प्रवेश नाकारणे, वेगळे बसविणे किंवा स्वतंत्र शाळांत शिकविणे होय. ही प्रथा एकोणिसाव्या शतकात उघडपणे रूढ होती. भारतीय संविधानाने ती बेकायदेशीर ठरविली. मात्र जात व आर्थिक स्थिती यांचा परस्परसंबंध कायम राहिल्याने तिचे अप्रत्यक्ष रूप आजही चर्चेचा विषय आहे. अमेरिकेतील शाळांमधील वांशिक विभाजनाशी तिची तुलना केली जाते.

इतिहास

इ.स. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेत शिक्षण प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरते मर्यादित होते. जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे महार, मांग आदी समाजांतील मुलांसाठीही शाळा चालविल्या. त्यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा अस्पृश्यांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

सरकारी धोरण

१८५६ मध्ये धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला. या प्रकरणानंतर, पूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील, असे तत्त्व १८५८ मध्ये जाहीर झाले. प्रत्यक्षात सवर्ण पालकांच्या विरोधामुळे त्याची अंमलबजावणी क्वचितच झाली. १८८२ च्या हंटर आयोगाने हे तत्त्व मान्य केले, परंतु सोबतच स्वतंत्र शाळांची शिफारसही केली. त्यामुळे वेगळेपणाला एक प्रकारे अधिकृत मान्यता मिळाली.

याच आयोगापुढील निवेदनात फुले यांनी पुण्याची स्थिती मांडली. या समाजांची लोकसंख्या ५,००० हून अधिक असूनही त्यांच्यासाठी शहरात एकच शाळा आहे आणि तिची हजेरी ३० पेक्षा कमी आहे, असे त्यांनी नमूद केले.

विभागणी मोडण्याचे प्रयत्न

विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीने १९०८ पासून पुण्यातही शैक्षणिक कार्य केले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून एकत्र शिक्षणाचा आदेश दिला. सार्वजनिक पाणवठे व शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात संमत झाला. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली.

परिणाम

वेगळे बसविल्याने मुलांना शिक्षकांचे लक्ष, पिण्याचे पाणी व सहाध्यायांची सोबत यांपासून वंचित राहावे लागे. स्वतंत्र शाळांची संख्या अपुरी असल्याने साक्षरता, उच्च शिक्षण व सरकारी नोकऱ्या यांतील तफावत पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली.

सद्यःस्थिती

शहरातील सधन कुटुंबे खासगी इंग्रजी माध्यमाकडे वळल्याने महापालिकेच्या शाळांत मुख्यतः गरीब कुटुंबांतील मुले उरतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये खासगी विनाअनुदानित शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा राखीव आहेत. सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना यातून सूट देणारी राज्य शासनाची फेब्रुवारी २०२४ मधील अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केली. एकाच वर्गात विविध सामाजिक स्तरांतील मुले शिकावीत, हा या तरतुदीचा एक प्रमुख हेतू आहे.

जागतिक संदर्भ

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये 'ब्राउन' खटल्यात वंशानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. तरीही वस्त्यांच्या विभागणीमुळे तेथील अनेक शाळांत वांशिक वेगळेपणा टिकून आहे.